दोन ब

१

त्या रविवारी दुपारी सोलापुरात उन्हामुळं घराबाहेर पडायची कुणाची हिंमत नव्हती. हत्तुरे पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावरून धूर निघतोय हे आधी दिसलं ते समोरच्या रसवंतीवाल्याला. त्यानं आरडाओरडा करून माणसं गोळा करेपर्यंत खिडकीची काच तडकून खाली आली होती. रविवार असल्यामुळं लॅब बंद होती. आवारात फक्त पहाऱ्यावरचा धोंडप्पा.

तो वर गेला तो बाहेर आलाच नाही. बंबवाल्यांनी आग विझवली तेव्हा तो संगणकाच्या खोलीच्या उंबऱ्याशी पालथा पडलेला सापडला. भाजला होता थोडाच, गेला तो धुरानं गुदमरून. दोन्ही हात छातीखाली होते आणि हातांत काहीतरी घट्ट धरलेलं होतं.

डॉ. वैजयंती हत्तुरे आल्या तेव्हा त्याला खाली उतरवत होते. जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात गाठ काढली की तिचा तुकडा तपासायला बाईंच्या लॅबमध्ये यायचा. कॅन्सर आहे की नाही, हा निकाल त्या द्यायच्या. एवढी वर्षं लोकांना वाईट बातम्या देत आलेली ही बाई त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

संगणक सांभाळणारा सोमेश बोल्ली जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सर्व्हर गेला. काहीच राहिलं नाही."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "माझ्या घरी डिस्क आहे."

"मी आणतो मॅडम," त्यांचे सहायक डॉ. पृथ्वीराज रुपनवर पुढं झाले. "तुम्ही इथं थांबा. धोंडप्पाच्या घरचे येतायत."

दुसऱ्या दिवशी नवा संगणक आला. सोमेशनं डिस्क जोडली. पडद्यावर सगळे फोल्डर ओळीनं दिसले, नावं बरोबर, वर्षं बरोबर. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. सोमेशनं पहिला फोल्डर उघडला. मग दुसरा. मग भराभरा सगळे.

एकातही काही नव्हतं.

२

प्रियदर्शनी होनमाने हिचं काम लोकांना सांगायला अवघड जायचं. कारखाना, दवाखाना, बँक, कुठंही जाऊन ती एकच विचारायची: उद्या इथं सगळं जळालं तर परवा सकाळी तुम्ही काम कसं सुरू करणार? उत्तर नसलं की ती बसून योजना करून द्यायची. हत्तुरे पॅथॉलॉजीची योजनाही तिनंच केली होती. बाईंनी बोलावलं तेव्हा ती हातातलं काम टाकून आली.

योजना साधी होती. दोन डिस्क. एकीवर अ, दुसरीवर ब. एक लॅबमध्ये, संगणकाच्या खोलीतल्या खणात, तिच्यावर रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत. दुसरी बाईंच्या घरी, कपाटात. दर शनिवारी अदलाबदल. तिसरी प्रत नेटवरून शहराबाहेर पाठवायची असं तिनं सुचवलं होतं, पण रुग्णांची माहिती परक्यांच्या हाती द्यायला बाईंचं मन होत नव्हतं. ते पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं.

"दाखवते तुला काय झालंय ते," म्हणत बाई तिला तळमजल्यावरच्या साठवणीच्या खोलीत घेऊन गेल्या. इथवर आग पोचली नव्हती. भिंतभर खण होते आणि खणांत मेणाचे छोटे छोटे ठोकळे. प्रत्येकात कुणाच्या तरी गाठीचा तुकडा बसवलेला.

"नमुने सगळे शाबूत आहेत. पण ठोकळ्यावर फक्त नंबर असतो. तो कुणाचा, हे संगणकात. पेशंटच्या रिपोर्टवर छापतो तो पावतीचा नंबर, त्याचा याच्याशी संबंध नाही. दवाखान्यांच्या चिठ्ठ्या होत्या, त्याही वरच जळाल्या." त्यांनी एक ठोकळा उचलून तळहातावर घेतला. "हा बघ. कुणीतरी बार्शीत, मोहोळात या निकालावर डोळे लावून बसलंय. आणि हे कोण, ते मला माहीत नाही."



"पोलीस म्हणतात, उन्हानं यूपीएसची बॅटरी फुटली. असेल. डिस्क बिघडते, तेही समजू शकते मी. पण दोन्ही एकदमच व्हावं?"

"बिघडलेली डिस्क अशी नसते मॅडम," प्रियदर्शनी म्हणाली. "बिघडली तर उघडत नाही, नाहीतर फायली अर्धवट दिसतात. नुसती रिकामी घरं आणि वर बरोबर पाट्या, हे आपोआप होत नाही. ती डिस्क बघू."

बाईंनी सोमेशच्या टेबलातून डिस्क काढून दिली. काळी, हातात मावणारी. वर ठोकळ्यांसाठीच्याच मशीनवर छापलेली चिठ्ठी: ब. शेजारी ती ज्यात ठेवायचे ती चेनची पिशवी होती. आत जोडायची वायर तशीच.

पिशवीची चेन उघडताच तिच्या नाकात उग्र भपका शिरला. डांबराच्या गोळ्या.

"सासूबाईंचं कपाट," बाई ओशाळून म्हणाल्या. "साड्यांत ठेवतात. त्या कपाटातलं काहीही काढलं तरी आठ-आठ दिवस वास जात नाही."

वायरला वास होता. पिशवीच्या अस्तराला तर होताच. प्रियदर्शनीनं डिस्क उचलून नाकाशी धरली. उलटी करून पुन्हा धरली. मग न बोलता बाईंच्या हातात दिली.

डिस्कला कसलाच वास नव्हता.

३

"डिस्क बदललीय," प्रियदर्शनी म्हणाली. "ही तुमच्या कपाटात कधी नव्हतीच. ज्यानं बदलली त्याला सर्व्हर जळणार हे आधीपासून ठाऊक असणार, नाहीतर अशी रिकामी डिस्क तयार कोण ठेवेल?"

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आग लावली? मग धोंडप्पा..."

"व्हय मॅडम," तिच्या तोंडून गावाकडचं निघून गेलं.

कपाटातून निघाल्यापासून उघडली जाईपर्यंत डिस्क कुणाकुणाच्या हातात होती? होटगी रोडवरच्या घरी जाऊन तिनं आधी बाईंच्या सासूबाईंना विचारलं.

"डॉक्टर आले, मी कपाटातनं पिशवी काढली, दिली," आजी म्हणाल्या. "आत काय हाय मी कशाला बघू की गं? बसा म्हटलं, पाणी घ्या म्हटलं, तर थांबले न्हाईत. घामानं नुसते निथळत होते बघ."

डॉ. पृथ्वीराज लॅबच्या खालच्या खोलीत भेटले. जुना, कामसू म्हणून नावाजलेला माणूस. लॅबचं निम्मं काम त्यांच्यावर असायचं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"आठवडाभर मी माळशिरसला होतो, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रविवारी परत येतानाच फोन आला. तसाच इथं आलो."

"डिस्क तुम्ही आणलीत."

"हो. आजींनी ब डिस्कची पिशवी हातात दिली, ती तशीच सोमेशला नेऊन दिली. मी चेनसुद्धा उघडली नाही. खरं सांगू मॅडम? आता हे शोधण्यात वेळ घालवू नये. ज्यांचे निकाल राहिलेत त्यांचे नमुने पुन्हा घेऊ. त्रास होईल लोकांना, पण मार्ग निघेल."

"आणि जुने?"

"जुन्यांचे निकाल देऊन झालेत. त्यांचं काय आता."

सोमेश तिच्याकडं बघायलाच तयार नव्हता. हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत होता.

"डॉक्टरांनी पिशवी दिली. मी डिस्क काढून खाली माझ्या टेबलाच्या खणात ठेवली, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मॅडमबरोबरच मी पण बघितलं."

"दर शनिवारी घरी पाठवायच्या आधी तुम्ही फायली उघडून तपासता ना?"

"एक शनिवार सोडत नाही. कधी ही, कधी ती, अशा वेगवेगळ्या उघडून बघतो."

"मग डिस्क हातात घेतली तेव्हा काही वेगळं वाटलं?"

तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "नाही." ते खोटं वाटतंय हे त्याला स्वतःलाही कळलं असावं, कारण लगेच तो उठून बाहेर गेला.

त्या खणाची दुसरी किल्ली अपेक्षा गवळीकडं असायची. नमुने आले की नोंद करून घेणारी ही मुलगी आग लागल्यापासून फोनवरच होती. लोक पुन्हा पुन्हा निकाल विचारायचे आणि ती पुन्हा पुन्हा तेच सांगायची.

"मी खण उघडला नाही ताई. कशाला उघडू? आणि तुमच्या त्या योजनेतलं माझं काम एवढंच की, शनिवार आला की मॅडमना आठवण करून द्यायची. या शनिवारी तेही झालं नाही."

"काय झालं नाही?"

"अदलाबदल. मॅडम बार्शीला लग्नात होत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, राहू दे, पुढच्या शनिवारी बघू. मग मी सोमेशला सांगितलं, डिस्क काढू नको."

प्रियदर्शनीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"त्या आठवड्यात लॅबमध्ये कुठली होती?"

"ब," अपेक्षा म्हणाली. "वरच्या खणात ठेवताना मीच बघितलं होतं."

म्हणजे घरी अ असायला हवी होती. आणि घरून आलेल्या डिस्कवर लिहिलं होतं ब.

४

अपेक्षाच्या आठवणीत चूक असू शकत होती. अदलाबदल झालीच असेल तर घरी ब असणं बरोबर, आणि मग लॅबमध्ये जळाली ती अ असणार. हे कळण्याची एकच जागा होती.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी खळखळ केली नाही. धोंडप्पाच्या हातांत सापडलेल्या वस्तूतून काही मिळेल का, हे त्यांनाही हवंच होतं. त्यांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली.

योजना केली तेव्हा आगीची रंगीत तालीम प्रियदर्शनीनंच घेतली होती. त्या दिवशी धोंडप्पा मागं उभा राहून सगळं ऐकत होता. खण कुठला, डिस्क कुठली, हे त्याला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. त्यानं ते मनात ठेवलं होतं आणि आगीत शिरून तेवढंच उचललं होतं.

डिस्कची एक बाजू वितळून आत ओघळली होती. आतली तबकडी वाकली होती. यातून काही मिळणार नाही हे तिला बघताक्षणीच समजलं. पण दुसरी बाजू, त्याच्या छातीला टेकलेली, फक्त काळवंडली होती. चिठ्ठीचा कोपरा जळाला होता. अक्षर शाबूत होतं.

ब.

साहेबांनी पाणी पुढं केलं ते तिला दिसलंच नाही.

लॅबमध्ये परतल्यावर ती थेट सोमेशसमोर जाऊन बसली.

"रविवारी पिशवीतून डिस्क काढली तेव्हा तुम्हाला ब दिसलं. बरोबर? आणि घरी तर अ असायला हवी, हे तुम्हाला माहीत होतं."

सोमेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, मला वाटलं मीच चिठ्ठ्या लावताना घोळ केला. मागं एकदा निघाल्या होत्या, मीच नव्या छापून लावल्या. दुसऱ्या दिवशी रिकामी निघाली तेव्हा तर खात्रीच झाली, आपल्याच हातून काहीतरी पुसलं गेलं. तिकडं धोंडप्पाची चिता जळतेय आणि मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"घोळ तुम्ही केलेला नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "सगळ्यांना वरच्या खोलीत बोलवा. डॉक्टरांनाही."

५

जळक्या वासाच्या खोलीत पाच जण उभे होते. बसायला खुर्ची उरली नव्हती.

"दोन डिस्क आणि दोन्हींवर ब," प्रियदर्शनीनं बोलायला सुरुवात केली. "एक धोंडप्पानं आगीतून काढली. ती खरी. दुसरी घरून आली. ती खोटी. खरी अ त्या दोन्हींच्या मधून नाहीशी झाली. आता खोटी डिस्क ज्यानं बनवली त्यानं तिच्यावर ब का लिहिलं, एवढाच प्रश्न आहे."

तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"कारण त्याची समजूत अशी, की शनिवारी नेहमीसारखी अदलाबदल झाली आणि ब घरी गेली. पण अदलाबदल झाली नव्हती. हे मॅडमना ठाऊक होतं, त्यांनीच ती पुढं ढकलली. अपेक्षाला ठाऊक होतं, तिनंच फोन केला. सोमेशला तिनं सांगितलं. या तिघांतल्या कुणी खोटी डिस्क बनवली असती तर तिच्यावर अ लिहिलं असतं. आणि ती बदलली कपाटातून निघाल्यानंतरच, कारण तिला कपाटाचा वास नव्हता."

तिनं डॉ. पृथ्वीराजांकडं पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"डॉक्टर, तुम्ही त्या आठवड्यात इथं नव्हता. तुम्ही मला म्हणालात, आजींनी ब डिस्कची पिशवी दिली, आणि मी चेनसुद्धा उघडली नाही. न उघडता ब कशी कळली?"

"तसा क्रमच होता..." ते म्हणाले.

खाली रस्त्यावरून एसटी गेली. खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून तिचा आवाज आत आला. डॉ. पृथ्वीराज भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले.

"गाडीत बदलली," ते म्हणाले. "घाई होती. वरचं अक्षर बघितलंच नाही. घरी गेल्यावर दिसलं, अ. तोपर्यंत ब लिहिलेली सोमेशच्या हातात गेली होती."

"का पण?" वैजयंतीबाईंनी विचारलं. "पृथ्वीराज, का?"

ते जमिनीकडं बघत सांगत राहिले. हिवाळ्यात एका दिवशी त्यांनी दोन बायकांचे नमुने पाठोपाठ तपासले. दोघींच्या छातीतल्या गाठी. निकाल टाईप करताना एकीचा दुसरीच्या नंबरवर गेला. मोहोळकडच्या सोजरबाईला कॅन्सर होता. तिला काही नाही असं कळवलं गेलं. अक्कलकोटकडच्या फुलाबाईला काही नव्हतं. तिचं स्तन काढून टाकलं गेलं. ते काढलेलं स्तन तपासणीसाठी याच लॅबमध्ये आलं, त्यांच्याच टेबलावर. त्यात कॅन्सर कुठंच सापडेना, तेव्हा त्यांनी जुने ठोकळे काढून बघितले.

"आणि तुम्ही गप्प बसलात," बाई म्हणाल्या.

"त्या रिपोर्टातही खोटं लिहिलं. कॅन्सरचा थोडा अंश शिल्लक होता म्हणून. एकदा लिहिल्यावर मागं येता येईना. तुम्ही वर्षाची फेरतपासणी काढलीत, जुने ठोकळे निकालांशी ताडून बघायचे म्हणालात. नंबर आणि नावं यांचा संबंधच तुटला तर कुणाला काही कळणार नाही, असं वाटलं. माळशिरसहून रविवारी सकाळीच आलो. मागच्या जिन्यानं. बॅटरीपाशी झायलीनमध्ये भिजवलेला बोळा ठेवून पेटवला." ते चेहरा झाकून म्हणाले, "धोंडप्पा खाली झाडाखाली जेवत होता. तो वर येईल असं... मॅडम, तो वर का आला?"

याचं उत्तर त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"अ कुठं आहे?" प्रियदर्शनीनं विचारलं. ती तुटलेली असणार अशी तिनं मनाची तयारी केली होती.

"घरी. फोडायला घेतली होती. हातोडी उचलली पण मारवेना. आत सगळ्यांची नावं होती."

सोमेश पोलिसांबरोबर जुळे सोलापूर भागातल्या डॉक्टरांच्या घरी गेला आणि डिस्क घेऊन आला. जोडली. या वेळी फोल्डर उघडले आणि नावांमागून नावं वर सरकू लागली. शेवटच्या आठवड्याची तेवढी नव्हती; ती माणसं अजून फोन करतच होती, त्यांची चौकशी करून अपेक्षानं ती जुळवायला घेतली. वैजयंतीबाई तळमजल्यावर गेल्या, दोन ठोकळे स्वतः शोधले, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"सोजरबाईचा पत्ता काढ," त्या अपेक्षाला म्हणाल्या. "फोन नको. मी जाते."

६

मोहोळच्या पुढं, हमरस्ता सोडून आत गेल्यावर वस्ती लागली. सोजरबाई पत्र्याच्या सावलीत शेंगा फोडत बसली होती. तिचा नवरा कोंडीबा शेळ्यांना पाला टाकत होता. लॅबच्या डॉक्टरीणबाई दारात आलेल्या बघून त्यानं घाईघाईनं घोंगडी अंथरली.

वैजयंतीबाई प्रियदर्शनीसोबत घोंगडीवर बसल्या आणि आडवळण न घेता बोलल्या. "सोजरबाई, तुमचा रिपोर्ट आमच्याकडून चुकून दुसऱ्या बाईला गेला, तिचा तुम्हाला आला. गाठ साधी नाही. कॅन्सर आहे. वेळ गेलाय, पण उपचार होतील. मोठ्या दवाखान्यात मी बोलून ठेवलंय. आजच निघायचं."

कोंडीबाच्या हातातला पाला तसाच राहिला.

"काय बोलताय तुमी?" त्याचा आवाज फाटला. "रिपोट चांगला आला म्हून तळी भरली आमी खंडोबाची. गावजेवान घातलं. ह्येच तुमी आदी सांगाय पायजे हुतं न्हवं? ती दुखतंय म्हनायची तर मी म्हनायचो, गप, कागद बघ, काय न्हाय तुला." तो वळून शेळ्यांकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

वैजयंतीबाईंनी हात जोडले. शेजारी बसलेल्या प्रियदर्शनीनं खाली बघितलं.

सोजरबाई मात्र शेंगांचं सूप बाजूला सारून विचार करत होती.

"माजा कागद दुसऱ्या बाईला ग्येला म्हनता," ती म्हणाली. "मग तिला काय झालं?"

"तिचं ऑपरेशन झालं. गरज नसताना."

"काडलं?"

"हो."

सोजरबाईचा हात नकळत आपल्या छातीवर गेला. "तिला ठावं हाय?"

"नाही अजून. तुमच्याकडून निघाले की तिकडंच जायचंय. अक्कलकोटकडं."

सोजरबाई उठली. पदरानं तोंड पुसलं, आत जाऊन एक लुगडं पिशवीत कोंबलं, आणि बाहेर येऊन चपला पायात घातल्या.

"चला तर. मला दवाखान्यात सोडा आन् लगीच तिच्याकडं जावा," ती म्हणाली. "तिला दुसऱ्या कुनाच्या तोंडून कळाया नगं." मग नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमी पन चला. शेळ्या शेजारचा बिरदेव बांदंल."

सोलापुरात दवाखान्याच्या दारात कोंडीबानं पिशवी घेतली आणि बायकोला हात देऊन उतरवलं. वैजयंतीबाईंकडं त्यानं बघितलं नाही. सोजरबाईनं बघितलं, आणि जा म्हणून मान हलवली.

बाईंनी गाडी वळवून अक्कलकोट रोडला लावली.